डाव्या खांद्याची बंदूक

विलायतेत ज्याला ‘रफ शूटिंग’ म्हणतात, त्या शिकारीत थाटमाट कमी आणि पायपीट फार. हाकेवाले नाहीत की बंदुका भरून देणारे नोकर नाहीत. एखाददुसरा स्नेही, एक कुत्रा, खांद्याला पिशवी, आणि शेतांच्या बांधाबांधाने, झुडपी कुंपणांच्या कडेकडेने चालत राहायचे. ससा उठला तर ससा, रानकबुतर आले तर कबुतर, आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी या मोसमात मिळालाच तर एखादा फेझंट. आपल्या संस्थानांतून ज्या मोठ्या शिकारी निघत त्यांच्याशी हिचे नाते दूरचेच. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी तो अध्याय मिटवला, आणि ते बरेच झाले. परंतु दिवाणखान्याच्या भिंतीवर दुनळी बंदूक टांगलेली पाहत वाढलेल्या घरांतली मुले आता विलायतेच्या खेड्यापाड्यांतूनही राहिली आहेत, आणि तिथल्या शेजाऱ्यांबरोबर ती रानात जाऊ लागली आहेत.

माझा एक जुना शिष्य त्यांपैकीच. तो डावखुरा. ‘मास्तर, डाव्या हाताची सेमी-ऑटोमॅटिक स्वस्तात मिळते आहे, घेऊ का?’ असे त्याने विचारले. गाण्याच्या मास्तरला बंदुकीचे विचारावे याचे वाचकांस नवल वाटेल. पण दरबारी वादकांच्या घरांत वाद्यांइतकीच बंदुकांचीही बोलणी चालत असत, आणि खरे पाहता प्रश्न वाद्याचाच आहे. डावखुरा मुलगा तबल्याला बसला तर तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे ठेवला की काम भागते. सतारीचे तसे नाही. तारांचा क्रम, खुंट्या, तरफांची बाजू, सारेच उलटे बांधून घ्यावे लागते. दुनळी बंदूक ही तबल्यासारखी. ती मधोमध मोडून उघडते, रिकामी काडतुसे मागच्या मागे निघतात, सुरक्षेचा खटका पाठीवर मध्यभागी असतो. दस्त्याचा किंचित बाक तेवढा उजवीऐवजी डावीकडे हवा, आणि तो चांगला कारागीर लाकूड गरम करून वळवून देतो. सेमी-ऑटोमॅटिक मात्र सतारीच्या जातीची. तिची काडतूस फेकणारी खिडकी उजव्या अंगाला, बोल्टची मूठ उजव्या अंगाला, आणि चापाजवळचा खटकाही उजव्या माणसाच्या बोटाला सोयीचा.

तेव्हा डाव्या खांद्यावरून बार काढला की रिकामे काडतूस शिकाऱ्याच्या तोंडासमोरून आडवे उडते. पुष्कळांना याचीच धास्ती वाटते. ते बहुधा पुढे आणि उजवीकडे जाते, तोंडावर येत नाही; उजव्या बंदुकीवर आयुष्य काढलेले डावखुरे विलायतेत पुष्कळ आहेत. त्रास होतो तो निराळाच: खिडकीतून धुराबरोबर न जळलेल्या दारूचे कण उडतात, आणि डाव्या माणसाचा चेहरा नेमका त्या बाजूला असतो. यासाठी डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तो हवा हे बंदूक डावी असली तरी खरे.

पण खिडकीच्याही आधी पाहायचा तो डोळा. प्रत्येकाचा एक डोळा नेमाला वरचढ असतो, आणि तो हाताच्याच बाजूचा असेल असा नियम नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट रोखावे आणि एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने पाहताना बोट खांबावरच राहते, तो वरचढ. छऱ्यांच्या बंदुकीला रायफलीसारखे मागचे लक्ष्य नसते, डोळा हेच मागचे लक्ष्य. म्हणून डावा डोळा वरचढ असलेल्याने उजव्या खांद्यावरून मारले तर बार पक्ष्याच्या डावीकडून निघून जातो. आपल्याकडे डावऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून त्याला उजवा करण्याची रीत होती. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजालाही लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावले होते, तरी १९२६ साली विंबल्डनला तो डाव्या हातानेच खेळला. शिष्याला मी पहिले पत्र डोळ्याबद्दलच लिहिले. त्याचा डावाच निघाला, म्हणजे खांदा बदलण्याचा प्रश्न उरला नाही.

आता किंमत. तुर्कस्तानी बंदुका, त्यांत हॅटसनची एस्कॉर्ट, डाव्या हाताच्या बनावटीतही निघाल्या आहेत, आणि नवीन बंदूक साधारण ५०० पौंडांच्या आसपास पडते. बेरेटा व बेनेली या इटालियन घराण्यांनीही डाव्या बंदुका केल्या, पण त्या हजाराच्या पुढे. रेमिंग्टनची १९६३ साली निघालेली ११०० डाव्या हाताचीही झाली होती आणि जुन्या बाजारात कधी कधी दिसते. मात्र डावी बंदूक जुनी मिळणे कठीण आणि पुढे विकणे त्याहून कठीण.

यंत्राचे दोन प्रकार. एकात नळीला भोके असतात, बाराचा थोडा धूर त्यांतून येऊन दट्ट्या मागे ढकलतो. ११०० आणि बेरेटा या जातीच्या. खांद्याला धक्का कमी बसतो, पण काजळी साचते आणि साफसफाईचा आळस चालत नाही. दुसऱ्यात बंदूक मागे सरकते, बोल्टचे जड धड क्षणभर जागीच राहते आणि मधली स्प्रिंग दबून सारे काम करते. बेनेलीची ख्याती याच युक्तीवर आहे. ती हलकी आणि स्वच्छ, पण हलक्या काडतुसावर अडण्याची शक्यता असते. तीन इंची काडतुसासाठी केलेली स्वस्त बंदूक २१ वा २४ ग्रॅमच्या काडतुसावर कुरकुरते असाही अनुभव येतो. रानात २८ ते ३२ ग्रॅमची वापरतात, त्यामुळे फारशी अडचण नाही. तरी पैसे मोजण्यापूर्वी स्वतःच्या काडतुसांचे २५ बार काढून पाहावेत.

छऱ्यांचाही विचार आत्ताच करावा. इंग्लंडात पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे १९९९ पासून बंद आहेत, आणि २०२५ साली सरकारने एकूणच शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा नळीवर पोलादी छऱ्यांसाठीची फ्लर-द-ली फुलाची खूण आहे का ते पाहावे. जुन्या बंदुकीवर ती बहुधा नसते. आणि मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे मावली पाहिजेत, म्हणजे नळीतले धरून तीन. १९८८ च्या कायद्यापासून साध्या शॉटगन-परवान्यावर याहून जास्त चालत नाही.

माझे मत मी शिष्याला असे कळवले: खिडकीपेक्षा दस्ता महत्त्वाचा. आज बऱ्याच बंदुकांबरोबर पातळ चकत्या येतात. त्या दस्त्याच्या मुळाशी बदलून बसवल्या की बाक डावीकडे होतो, आणि खटकाही पुष्कळ बंदुकांत उलटा करता येतो. चांगली, जुनी, उजव्या हाताची बेरेटा अशी डावी करून घेतली तर ती स्वस्त आणि अनोळखी डाव्या बंदुकीपेक्षा मला बरी वाटते. पण धुराचे कण ज्याला एकदा बोचले त्याचे मन नेमात राहत नाही. त्याने तुर्की घ्यावी, मात्र दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय ज्या दुकानात आहे तिथूनच.

आणखी एक गोष्ट तिकडे गेल्यावर कळते. दुनळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसते. सेमी-ऑटोमॅटिकचे तसे दिसत नाही. म्हणून हाक्याच्या शिकारीत कित्येक यजमान तिला येऊ देत नाहीत, आणि रानातही सोबत्यांशी बोलायला थांबताना बोल्ट मागे ओढून खिडकी उघडी दाखवावी. ओळीने चालताना उजवी बंदूक काडतुसे उजव्या सोबत्याकडे फेकते, डावी डाव्याकडे. कोण कुठे चालणार हे निघतानाच ठरवावे. आणि ती काडतुसे चार हात लांब गवतात पडतात. ज्याचे शेत आहे त्याच्या गुरांच्या तोंडी ती जाऊ नयेत, तेव्हा परतताना वाकून एकूणएक वेचून आणावी लागतात.