थकलेले बिल आणि इंग्रजी पत्र

धारावीत चामड्याच्या बॅगा बनविणारे असोत की भिवंडी-मालेगावचे यंत्रमागधारक, परराज्यातल्या कंपनीकडे पैसे अडकले की आपले बांधव फोनवर फोन करीत राहतात. इंग्रजी पत्र म्हटले की पोटात गोळा येतो. मग एखाद्या टायपिस्टकडून ‘मोस्ट हम्बली आय बेग’ने सुरू होणारा अर्ज लिहून घेतला जातो. आपण आपल्या मालाचे पैसे मागतो आहोत, भीक नव्हे. हे ‘बेग’ आधी खोडावे.

पत्र अर्ध्या पानाचे पुरे. वर नाव-पत्ता, तारीख आणि विषयाच्या ओळीत बिल नंबर. माल कधी पोचला, बाकी किती, ती कधी मिळायला हवी होती आणि आता कोणत्या तारखेपर्यंत हवी, एवढेच लिहावे. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ लिहिलेत तर हिशेबनीस कागद बाजूला सारणार. महिना अक्षरांत लिहावा, कारण 5/6 म्हणजे अमेरिकन ग्राहकाला 6 मे. त्याला ‘लाख’ही कळत नाही. सुरुवात ‘डिअर सर’ असेल तर शेवट ‘युवर्स फेथफुली’, नावाने केली तर ‘युवर्स सिन्सिअरली’.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाने 2006च्या एमएसएमई कायद्याचा उल्लेख अवश्य करावा. लेखी करार असला तरी 45 दिवसांहून जास्त उधारी चालत नाही. करार नसेल तर 15च. मालाबद्दल तक्रार असल्यास ग्राहकाने तीही 15 दिवसांत लेखी करायची असते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा आधार नाही. 2021च्या सरकारी आदेशाने त्याची उद्यम नोंदणी बँक कर्जाच्या सवलतीपुरतीच आहे. उशिराबद्दल कायद्यात चक्रवाढ व्याज आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी फक्त मुद्दल मागावे.

देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहेच. मालाच्या बाकीवर दावा करण्याची मुदत तीन वर्षांची. फोनवरच्या ‘देतो, देतो’ने ती वाढत नाही, पण मुदतीच्या आत समोरच्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर ती त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून पत्राच्या शेवटी बाकी रक्कम सहीनिशी लेखी कळविण्याची विनंती जरूर करावी. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. तेव्हा पत्र स्पीड पोस्टाने धाडावे आणि पावती आपल्या प्रतीला टाचून ठेवावी.