वर्तनाची कारणे : प्रयोग आणि विश्लेषण यांची साक्ष

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिलेले आहे अथवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः पारखून पाहावी. निसर्गाची अशी पारख आपण शाळेच्या प्रयोगशाळेत करतो. माणसाच्या वर्तनाविषयी मात्र आपण ऐकीव मतांवर विसंबतो. "हा मुलगा मुळातच ढ आहे", "या समाजातल्या मुलांना आत्मविश्वासच नसतो", अशी विधाने घरीदारी सहज केली जातात. ती खरी की खोटी, हे तपासता येते काय? प्राण्यांचा, मनाचा, अर्थव्यवहाराचा आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्या निरनिराळ्या शास्त्रांनी ते तपासले आहे. त्यातील काही उदाहरणे आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रयोगाचे तत्त्व साधे आहे. दोन गट घ्यावयाचे, कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, बाकी सर्व परिस्थिती समान ठेवावयाची आणि एकच गोष्ट बदलावयाची. मग वर्तनात फरक पडला, तर त्याचे कारण त्या एका गोष्टीत शोधता येते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थल आणि त्यांचे सहकारी फोड यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच होता. 12 विद्यार्थ्यांना प्रत्येकी 5 उंदीर देण्यात आले. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितले की तुमचे उंदीर हुशार जातीचे आहेत. उरलेल्यांना सांगितले की तुमचे मंद आहेत. प्रत्यक्षात सर्व उंदीर सारखेच होते. तरीही चक्रव्यूहात वाट शोधण्याच्या कामात 'हुशार' ठरविलेले उंदीर सरस ठरले. हाताळणाऱ्याच्या मनातील अपेक्षा त्याच्या वागण्यात उतरली आणि त्यातून उंदरांचे वर्तन बदलले.

पुढे 1968 साली रोझेन्थल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतील अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. सुमारे 20 टक्के मुले केवळ चिठ्ठीने निवडून, ही यंदा विशेष प्रगती करतील असे शिक्षकांना सांगण्यात आले होते. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील वाढ अधिक आढळली. वरच्या वर्गांत असा ठळक फरक दिसला नाही आणि या परिणामाच्या आकाराविषयी पुढे पुष्कळ वादही झाला. एका प्रयोगावर सिद्धांत उभा राहत नसतो, हेही विज्ञानच शिकविते.

आता आपल्या देशाकडे वळू. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला प्रयोग 2004 साली जागतिक बँकेच्या संशोधन-निबंधातून प्रसिद्ध झाला. त्यात उच्च मानल्या गेलेल्या जातींतील 321 आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील 321 शाळकरी मुलगे सहभागी होते. काम होते कागदावरील चक्रव्यूह सोडविण्याचे, आणि त्यासाठी पैसे मिळणार होते. जातीचा उच्चार झाला नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. प्रत्येकाची जात सर्वांसमक्ष जाहीर केली, तेव्हा मोठी तफावत पडली.

प्रयोगाचा पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जात जाहीर करूनही, मोबदला ठरविण्यात माणसाऐवजी चिठ्ठीचा भाग ठेवला, तेव्हा ती तफावत नाहीशी झाली. मुले तीच, जात तीच, चक्रव्यूहही तसेच. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की या मुलांत बुद्धीची वा आत्मविश्वासाची उणीव नव्हती. आपली जात कळल्यावर आपल्या श्रमाचे योग्य चीज होणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा निराधार होती काय? याचे उत्तर डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठविण्यात आले. समान पात्रतेच्या अर्जांवर एका ठिकाणी उच्चवर्णीय हिंदू, दुसऱ्या ठिकाणी दलित, तर तिसऱ्या ठिकाणी मुस्लिम वाटेल असे नाव होते. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढील फेरीचे बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर दलित नावाला 0.67, तर मुस्लिम नावाला 0.33 इतके भरले. म्हणजे खेड्यातल्या त्या मुलांनी जगाविषयी बांधलेला अंदाज भ्रम नव्हता.

इतिहासात मात्र प्रयोग करता येत नाही. गेलेला काळ पुन्हा घडवून एक गोष्ट बदलून पाहण्याची सोय नसते. तेथे उपलब्ध पुराव्याचे विश्लेषण हाच मार्ग. बाबासाहेबांनी तो अवलंबिला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य ठरले, या मताची त्यांनी 'द अनटचेबल्स' (1948) या ग्रंथात परीक्षा केली. नाकाच्या मोजमापांची उपलब्ध आकडेवारी तपासून त्यांनी दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना भिन्न वंशाचे ठरविण्यास ती आधार देत नाही. प्रतिपक्ष ज्या मापांचा दाखला देत होता, त्याच मापांनी त्यांनी त्याचा दावा तोलला.

'कारण असेल तर कार्य असेल. कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते,' हे प्रतीत्यसमुत्पादाचे सार आपण धम्मवर्गात शिकलो. वर्तनालाही ते लागू पडते, हीच वरील अभ्यासांची साक्ष आहे.

यातून जात लपवावी असा अर्थ कोणी काढू नये. न्याय मिळविण्यासाठी जातीची नोंद लागतेच, आणि आपला इतिहास आपल्या मुलांना ताठ मानेने सांगता आला पाहिजे. प्रश्न आहे तो मूल्यमापन करणाऱ्याच्या न्यायबुद्धीचा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना अनेक शाळांत मुलांचे प्रवर्ग भर वर्गात पुकारले जातात. ही माहिती प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे घेता येते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालता येतो. आमचे जे माजी विद्यार्थी आज अधिकारपदावर आहेत, नोकरभरतीच्या समित्यांवर आहेत, त्यांनी अर्जांची पहिली छाननी नावे झाकून करण्याचा आग्रह धरावा. पालकांनीही आपल्या लेकरावर 'ढ' हा शिक्का मारण्यापूर्वी त्या दोन गटांतील सारख्याच उंदरांची आठवण ठेवावी.

निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्या सहवासात असते. पंगतीत, अभ्यासिकेत, मैदानावर आपण त्याच्याशी कसे वागतो, यावरून ते जगाकडून न्यायाची अपेक्षा ठेवावी की नाही, हे ठरवीत असते. ती अपेक्षा त्याच्या मनात रुजविणे आणि आपल्या वागण्याने ती खरी करून दाखविणे, हे आपणा सर्वांचे धम्मकर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

जय भीम! नमो बुद्धाय!