खापरखवल्या : ओळख आणि वर्गीकरण

पावसाळ्याच्या प्रारंभी सह्याद्रीच्या परिसरात जमीन खणताना कुदळीसरशी कधीकधी एक लहान, गुळगुळीत, चकचकीत साप वर येतो. त्याचे डोके निमुळते आणि शेपूट बोथट असल्यामुळे शेपटीलाच तोंड समजले जाते व ‘दोन तोंडांचा साप’ म्हणून तो हकनाक मारला जातो. हा साप म्हणजे खापरखवल्या होय. तो पूर्णपणे बिनविषारी असून जमिनीखाली राहतो व मुख्यतः गांडुळांवर उपजीविका करतो. मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते.

शास्त्रज्ञ या सापांच्या कुलास ‘युरोपेल्टिडी’ म्हणतात. त्याच्या पन्नासहून अधिक जाती ज्ञात असून, भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका यांखेरीज जगात त्या अन्यत्र आढळत नाहीत. त्यांपैकी अनेकांचे प्रथम वर्णन एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी केले.

पूर्वी वर्गीकरणात खवल्यांची मांडणी आणि शेपटीवरील ढालीचा आकार यांवर विशेष भर असे. परंतु समान राहणीमुळे दूरच्या नात्यातील प्राण्यांचे अवयवही सारखे दिसू शकतात. म्हणून आता डीएनएचा पुरावाही विचारात घेतला जातो. त्यानुसार 2016 साली श्रीलंकेतील सर्व जाती ‘राइनोफिस’ या एकाच प्रजातीत समाविष्ट करण्यात आल्या.

त्याच वर्षी महाराष्ट्राचा दक्षिण भाग, गोवा व उत्तर कर्नाटक येथील एका काळ्या सापास स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. पुण्याच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांच्या गौरवार्थ तिचे नाव ‘मेलॅनोफिडियम खैरेई’ असे ठेवण्यात आले. तोपर्यंत दक्षिणेकडील ‘मेलॅनोफिडियम पंक्टेटम’ या जातीतच तिची गणना होत असे.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. दोन जाती एक मानल्या गेल्यास, एकीकडे साप नष्ट झाले तरी दुसरीकडे ते आहेतच, असा चुकीचा दिलासा मिळतो. स्वतंत्र जातीची हानी मात्र कोठूनही भरून निघत नाही.

यास्तव खणताना असा साप दिसल्यास त्यावर घाव घालू नये. त्यास आपल्या वाटेने जाऊ द्यावे. ओळख पटली नसल्यास कोणत्याही सापास हात लावू नये. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्यास अज्ञानामुळे होणारी या निरुपद्रवी जीवाची हत्या निश्चितच टळेल.