श्रवणशक्तीचे जतन

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका सप्तशृंगीच्या गडामुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. चैत्रात आणि नवरात्रात भाविकांची रीघ गडाकडे लागते; मार्गशीर्षात पश्चिमेकडील पाड्यांवर कोकणा बांधवांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव भरतो आणि पावरीचे सूर रात्री दऱ्याखोऱ्यांतून घुमत राहतात. थाळगानातील कथा मुळात कागदावर लिहिलेली नसते; एका पिढीने सांगावी व दुसरीने ऐकावी, अशीच ती चालत आली. अशा मुलखात ज्याचा कान अधू झाला, तो कथेपासून, गाण्यापासून आणि हळूहळू गावगाड्यापासूनही दूर जातो.

अंधत्व चटकन ध्यानात येते. बहिरेपण येत नाही. जन्मतः ऐकू न येणारे मूल हसते, रडते, आईकडे पाहते. दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा ‘काही मुले उशिरा बोलतात’ असे घरातील वडीलधारी माणसे समजावतात आणि पुढे त्याच मुलाला ‘मुका’ म्हटले जाते. वस्तुतः त्याच्या कंठात बहुधा कोणताच दोष नसतो. शब्द कानी पडलाच नाही, म्हणून तो ओठी आला नाही. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असते. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. ही चाचणी मूल झोपेत असतानाही करता येते व तिने वेदना होत नाहीत.

बालपणातील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के दोष टाळता येण्याजोगे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणी मातेला रुबेला झाल्यास गर्भाच्या कानावर आघात होऊ शकतो. गोवर व रुबेलाची लस यासाठीही महत्त्वाची आहे. नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारख्या काही औषधांचा परिणाम, हीही कारणे आहेत. आणखी एका कारणाचा उल्लेख थोड्या संकोचाने करावा लागतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत मानाची समजली जाते. परंतु जवळच्या नात्यातील विवाहांत आनुवंशिक बहिरेपणाचा संभव वाढतो. सोयरीक जुळविणाऱ्यांनी हे निदान जाणून तरी घ्यावे.

ग्रामीण भागात नेहमी आढळणारा, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहणारा विकार म्हणजे कान फुटणे. सर्दीचा संसर्ग घशातून मधल्या कानात जातो, पू साचतो, पडदा फाटतो आणि कान वाहू लागतो. ठणका थांबला की आजार बरा झाला, असे वाटते. वर्षानुवर्षे कान वाहत राहिल्यास मात्र ऐकण्याची शक्ती कमी होते आणि क्वचित संसर्ग मेंदूपर्यंतही पोहोचतो. यावर घरोघरी योजला जाणारा उपाय म्हणजे कोमट तेल. डोळ्यांत तेल घालून राखण करणाऱ्याचा गौरव करणारी आपली भाषा कानात तेल घालून निजणाऱ्याला निष्काळजी ठरविते. वैद्यकशास्त्राचा अभिप्राय तरी वेगळा कोठे आहे? वाहत्या कानात तेल, पाणी, झाडपाल्याचा रस वा काडी यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. कान कोरडा ठेवावा आणि कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.

वर्गात फळ्याकडे न पाहता शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे, हाक मारल्यावर भलतेच उत्तर देणारे मूल मंदबुद्धीचे ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे. त्याने मान वळविली नाही तर त्याला पहिल्या बाकावर बसवावे व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाला आवर्जून दाखवावे. आश्रमशाळेत पालक जवळ नसतात. तेथे ही जबाबदारी अधीक्षक व शिक्षकांवरच येते.

आता गोंगाटाविषयी. आतील कानाच्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास सोसता येतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर. लग्नाच्या वरातीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या तरुणाने आठवड्याचा वाटा पहिल्या दोन-चार गाण्यांतच संपविलेला असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. नियम पुरेसे आहेत. वरात सरपंचांच्याच घरची असली म्हणजे ते कोण सांगणार, हाच खरा प्रश्न आहे. ट्रॅक्टर व मळणीयंत्रावर दिवसचे दिवस काम करणाऱ्यांनी कानावर संरक्षक साधन वापरावे. कापसाचा बोळा त्यासाठी पुरत नाही.

वार्धक्यातील बहिरेपण हळूहळू येते. ग्रामसभेत आजोबा मान हलवितात, पण ठराव कोणता झाला हे त्यांना ठाऊक नसते. अशा माणसाशी ओरडून बोलू नये. ओरडण्याने शब्द विकृत होतात आणि ऐकणाऱ्याला अपमान वाटतो. समोर बसून, तोंडावर उजेड पडेल अशा रीतीने, सावकाश बोलावे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये बहिरेपणाप्रमाणेच अल्प ऐकू येणे हेही दिव्यांगत्व मानले जाते. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. केंद्र शासनाच्या साहाय्यक उपकरण योजनेतून पात्र व्यक्तींना श्रवणयंत्र मिळते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीचाही येथे विचार व्हावा. १९८३ मध्ये स्थापन झालेली मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात प्रशिक्षण व पुनर्वसनाचे कार्य करते.

मिळालेले यंत्र पेटीत पडून राहते, ही तक्रार मात्र नेहमीची आहे. यंत्रातून सर्वच आवाज मोठे होऊन येतात. भांड्यांचा खडखडाट पहिल्या दिवशी असह्य वाटतो. प्रारंभी घरातील शांत वेळी तासभर, मग अधिक वेळ, असा सराव काही आठवडे करावा लागतो. कळवणच्या पश्चिम पट्ट्यातील पावसाळ्यात यंत्राला ओल लागते. रात्री ते काढून, बॅटरी वेगळी करून, ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.