‘यश’ आणि ‘सफलता’ : काही अर्थच्छटा

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. सहामाही परीक्षेनंतर एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी शाळेत बोलावून घेतले होते. गृहस्थ मूळचे माळव्यातले, घरची भाषा हिंदी. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत मी त्यांस सांगितले की, आपल्या मुलाला गणितात ‘अपयश’ आले आहे. ते खुर्चीवरून एकदम उठले व म्हणाले, “सर, ऐसा क्या कर दिया उसने?” मुलाने काही चोरीचपाटी केली, घराण्याच्या नावाला बट्टा लावला, अशी त्यांची समजूत झाली होती. मी खुलासा केला, तेव्हा त्यांना हसू आले. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला मात्र हसू आले नाही.

चूक त्या गृहस्थांची नव्हती. हिंदीत ‘अपयश’ म्हणजे दुष्कीर्ती, बदनामी. तेथे ‘यश’ म्हणजे कीर्ती, आणि हाच ह्या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ होय. अमरकोशात ‘यशस्’ व ‘कीर्ति’ हे शब्द पर्याय म्हणून शेजारी शेजारी बसले आहेत. मराठीने ‘कीर्ती’ जागच्या जागी ठेवली आणि ‘यशा’ला मात्र नवे काम दिले : हाती घेतलेली गोष्ट साधणे. आमच्या शहरात स्वागताच्या कमानींवर पुढाऱ्यांच्या नावामागे ‘यशस्वी’ हे विशेषण झळकते. हिंदी वाचक त्याचा अर्थ ‘कीर्तिमान’ असा घेतो. मराठी वाचक मनाशी विचारतो की, ह्यांनी नेमके काय साधले? उलट आपण सहजपणे ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ असे म्हणतो, तेव्हा ती शस्त्रक्रिया दिगंतात विख्यात झाली की काय, असा प्रश्न हिंदी भाषिकास पडला तर त्याला दोष कसा द्यावा?

इंदूरकरांस तर हा शब्द रस्त्यारस्त्यावर भेटतो. यशवंत निवास रोड, महाराजा यशवंतराव रुग्णालय ही नावे रोजच्या बोलण्यातली. होळकरांच्या गादीवर ह्या नावाचे दोन राजे होऊन गेले. त्यांतील पहिल्या यशवंतरावांनी १८०२ साली पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. पुढे ते इंग्रजांशी झुंजले, आणि १८०५ अखेर त्यांना तह करावा लागला. मराठी अर्थाने त्यांचे यश मोजावयाचे तर जयापजयाचा जमाखर्च मांडत बसावे लागेल. संस्कृत-हिंदी अर्थाने ‘यशवंत’ हे नाव त्यांना निर्विवाद शोभते.

इंग्रजीतील ‘सक्सेस’ हा शब्दही असाच सरकत आला आहे. त्याच्या लॅटिन मुळात ‘मागून येणे’ एवढाच भाव आहे. सोळाव्या शतकातील इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ ‘परिणाम’ असा होता. म्हणून चांगला सक्सेस आणि वाईट सक्सेस असे दोन्ही प्रयोग होत असत. पुढे वाईट गळून गेले व चांगले तेवढे राहिले. तेव्हा मराठीने काही अपराध केला आहे असे नव्हे.

आता ‘सफल’. हिंदीत माणूस सफल होतो. मराठीत जन्म सफल होतो, यात्रा सफल होते, मनोरथ सफल होतात. मराठीत ज्याला फळ धरते ती गोष्ट सफल, ती करणारा नव्हे. ‘माझा भाऊ परीक्षेत सफल झाला’ हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत दरवर्षी येते. ते अशुद्ध ठरवून लाल शाईने खोडताना माझा हात थोडा अडखळतो, कारण १९१७ साली मराठी साहित्य संमेलन आणि लगेच १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरविणाऱ्या ह्या गावात दोन भाषांनी एकमेकींच्या घरी जाऊ नये, असे म्हणणे कठीण आहे. तरीही मी खोडतो. ‘सफल’ माणसाला लावला की ‘जन्म सफल झाला’ ह्यातील तृप्ती पातळ होते, आणि तिच्या जागी दुसरा शब्द आपल्याजवळ नाही. ‘कृतार्थ’ हा जवळचा खरा, परंतु तो कर्त्याच्या मनाविषयी बोलतो. ‘सार्थक’ हा झालेल्या खर्चाविषयी, मग तो पैशाचा असो वा आयुष्याचा.

कार्य ‘सिद्धीस’ जाते, त्यात विधिपूर्वक पूर्णतेचा भाव आहे. ‘फत्ते’ अरबीतून आला. गड फत्ते होत, आता कचेरीतले किरकोळ कामही फत्ते होते. ‘बाजी मारणे’ खेळातले; तेथे दुसरा कोणी हरलाच पाहिजे.

शिक्षकांस विशेष विचारणीय असा शब्द म्हणजे ‘उत्तीर्ण’. ‘तृ’ म्हणजे तरून जाणे. उत्तीर्ण म्हणजे पार होऊन पलीकडे गेलेला. आपल्या अस्सल बोलीतल्या ‘तडीस नेणे’ ह्या प्रयोगातही हेच चित्र आहे, कारण तड म्हणजे तट, नदीचा काठ. ह्या शब्दांत न कीर्ती आहे, न अपकीर्ती. अनुत्तीर्ण तो, जो अद्याप अलीकडच्या काठावर आहे.

‘अपयश’ तसा नाही. अर्थ बदलला तरी जुन्या अर्थाची धग मराठीतही विझलेली नाही. आपण ‘अपयशाचे धनी’ होतो, ‘अपयशाचे खापर’ कोणाच्या तरी माथी फोडतो. यशाचे मात्र ‘मानकरी’ असतात. केवळ काम न साधण्यास खापर कशाला हवे? ते दोषासाठी लागते. म्हणजे माळव्यातल्या त्या पित्याने जो अर्थ उघडपणे घेतला, तोच मराठी मुलाच्याही कानी अस्पष्टपणे पडत असला पाहिजे. प्रयत्न ‘विफल’ झाले, श्रम ‘निष्फळ’ गेले, असे म्हटल्याने प्रयत्नांकडे बोट जाते. ‘तू अपयशी आहेस’ ह्या वाक्यात ते मुलाच्या छातीवर टेकते.

आमच्या प्रगतिपुस्तकांत ‘गणितात अपयशी’ असा शेरा लिहिण्याची जुनी चाल होती. मी स्वतः तो कित्येक वर्षे लिहिला. त्या प्रसंगानंतर ‘गणितात अनुत्तीर्ण, पुढील घटक : अपूर्णांक’ असे लिहावयास सांगितले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की, ह्याने शेऱ्याचे वजन कमी होते. त्यांच्याशी माझा वाद अद्याप मिटलेला नाही.