बरोबर कोण आलंय?

नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पेन्शनरांची रांग लागते. गेल्या वर्षी आईबरोबर मीही त्या रांगेत होतो. आई 78 वर्षांची, 34 वर्षं शाळेत गणित शिकवलेली. यंत्रावर तिचा अंगठा काही उमटेना. (वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्राला त्याचं काय!) खिडकीतल्या तरुणानं विचारलं, "आजींबरोबर कोण आलंय?" पुढचं सगळं तो माझ्याशीच बोलला. खातं आईचं, पेन्शनही तिचीच. आणि मीही भराभरा उत्तरं देत सुटलो. परतताना रिक्षात आई म्हणाली, "पुढच्या वेळी तूच जा. मला नाही आता जमत यातलं काही." त्याच सकाळी तिनं माझी वीजबिलाची बेरीज दुरुस्त केली होती.

म्हाताऱ्यांना असं मोडीत काढण्याला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1969 मध्ये नाव दिलं, 'एजिझम'. वर्णभेद, लिंगभेद यांच्याच पंगतीतला हा भेद. फरक इतकाच, की इथे आज हसणारा उद्या स्वतःच त्या रांगेत उभा राहतो. 'साठी बुद्धी नाठी' आपण लहानपणीच ऐकतो, हसतो, विसरतो. साठी ओलांडल्यावर ते आपल्यालाच लागू होतं. किल्ली सापडली नाही तर तिशीतला माणूस घाईला दोष देतो, सत्तरीतला वयाला. मग तो नवं काही शिकायलाच जात नाही; न शिकल्यामुळे खरंच मागे पडतो, आणि 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणायला घरचे मोकळे.

येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी ओहायोतल्या पन्नाशीपुढच्या 660 जणांच्या नोंदी तपासल्या. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेनं पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते, असं त्यांनी 2002 मध्ये मांडलं. प्रकृती आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही फरक उरलाच. अशा पाहणीतून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे खरं. पण साडेसात वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

उघड अपमान निदान ओळखता तरी येतो, त्यावर भांडता येतं. मला जास्त भीती वाटते ती मायेची. "तुम्ही बसा हो निवांत" म्हणत आपण आधी भाजीची पिशवी काढून घेतो, मग बँकेचं पुस्तक, शेवटी मत. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी काही जणांना एकेक रोप दिलं आणि सांगितलं, हे तुम्हीच सांभाळायचं; दिवसभरातले छोटे निर्णयही त्यांच्यावर सोपवले. बाकीच्यांची रोपं परिचारिका सांभाळणार होत्या. तीन आठवड्यांत पहिला गट जास्त हिंडता-फिरता, बोलका झाला. प्रयोग लहानसा, 1976 चा. पण आमच्या घराला पुरेसा.

आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. यंदा फोन आईच्याच हातात दिला. तीनदा चुकलं, चौथ्यांदा निघाला. मधे दोनदा मी हात पुढे केला होता. तो तिनं बाजूला सारला.