अंगणातला कुत्रा आणि उसातला बिबट्या

तत्त्वज्ञानाच्या माणसाने आत्मा, मोक्ष, ज्ञान यांवर बोलावं अशी साधारण अपेक्षा असते. पण नीतीचे प्रश्न पुष्कळदा घराच्या मागच्या दारीच उभे राहतात, आणि आजचा प्रश्न तर अक्षरशः परसातला आहे. आपण पाळलेला कुत्रा आणि बाहेरून आलेलं जंगली जनावर रात्री समोरासमोर आले, तर जे घडेल त्याची जबाबदारी कोणाची?

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण नीतीची चर्चा हवेत करून उपयोग नाही. अकोले तालुका तुम्हाला माहीत असेल. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथल्या शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसं राहतात अशा या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे बिबट्या वाट चुकून आलेला नव्हता, तो तिथला रहिवासीच होता. दिवसा उसात, रात्री बांधावरून आणि वस्तीच्या कडेने.

मग तो खातो काय? याच भागातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून केलेला अभ्यास २०१६ साली आला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाच्या आसऱ्याने जगणाऱ्या जनावरांचा होता. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. मांजरं १५ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. आता गंमत बघा. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती! मग शेळी सोडून कुत्रा का? उत्तर साधं आहे. शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा बाहेर असतो. शेळी विकली जाते, तिची किंमत ठरलेली आहे, म्हणून तिला कुडाचं का होईना दार मिळतं. कुत्र्याला आपण त्या दाराबाहेर ठेवतो, आणि बहुतेक वेळा ते दार राखण्यासाठीच ठेवतो.

आता इथून तत्त्वज्ञानाकडे वळतो. कुत्रा बिबट्यावर धावून गेला की आपण म्हणतो, काय शूर कुत्रा! मेला तर म्हणतो, इमानी होता, धन्यासाठी जीव दिला. ही भाषा जरा तपासून घ्यायला हवी. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात धैर्याची चर्चा केली आहे. वेदनेने किंवा संतापाने उसळून धावणाऱ्या जनावराला तो धैर्यवान म्हणायला तयार नाही. त्याचं म्हणणं असं, की धैर्याला निवड लागते. समोरचं संकट ओळखून, योग्य कारणासाठी, उभं राहायचं ठरवावं लागतं. ॲरिस्टॉटल प्राण्यांना कमी लेखतो असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. पण त्याचा निकष आपल्या अंगणात लावून बघा. पावसाळ्याच्या रात्री खुंट्याला साखळीने बांधलेला १५-२० किलोचा गावठी कुत्रा, आणि समोर त्याच्या तिप्पट वजनाचा बिबट्या. त्या कुत्र्याने काय निवडलं? त्याला पळूनसुद्धा जाता येत नाही. निवड झाली ती संध्याकाळी, साखळी अडकवताना, आणि ती आपण केली. शौर्याचं कौतुक केलं की हा आपला निर्णय नजरेआड होतो. कौतुकाचा हा तोटा आहे.

याउलट एक उदाहरण देतो. हिमालयातले मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. कारण बिबट्या मान धरतो. तो कुत्रा मोकळा असतो, बहुधा जोडीला दुसरे कुत्रे असतात, आणि माणूस जवळच झोपलेला असतो. काम धोक्याचंच आहे, पण काम देणाऱ्याने धोका ओळखला आहे आणि आपल्या परीने त्याची भरपाई केली आहे. साखळीच्या कुत्र्याच्या बाबतीत आपण काम तर देतो, पण कामाची साधनं देत नाही.

कांटने आपल्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण घेतलं आहे. आयुष्यभर सेवा केलेल्या कुत्र्याला निरुपयोगी झाल्यावर गोळी घालणारा मालक कुत्र्याप्रती असलेलं कर्तव्य मोडत नाही, असं कांट म्हणतो, कारण कर्तव्य फक्त विवेकी प्राण्याप्रती असतं. मात्र तो स्वतःमधली माणुसकी बिघडवतो. मला हे अपुरं वाटतं. ज्याच्याकडून आपण काम करून घेतो, त्याचं आपण थेट देणं लागतो. आपल्या परंपरेत याचं उत्तर महाप्रस्थानिक पर्वात आहे. इंद्राचा रथ दारात उभा असताना युधिष्ठिर कुत्र्याला सोडून चढायला नकार देतो. का, तर आश्रयाला असलेल्याचा त्याग हे पाप. कुत्रा विवेकी आहे की नाही, हे तो विचारतच नाही. नात्यातून कर्तव्य येतं, एवढंच तो धरून ठेवतो.

पण प्रश्न इथे संपत नाही. समोरच्या बिबट्याचं काय? स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका या दोघांचं 'झूपोलिस' नावाचं पुस्तक २०११ साली आलं. त्यांनी प्राण्यांचे तीन गट केले. पाळीव प्राणी हे आपल्या समाजाचे नागरिक, जंगली प्राणी हे स्वतंत्र राष्ट्रांसारखे, आणि चिमण्या-खारींसारखे मधले ते आपल्या गावचे रहिवासी. मांडणी सुबक आहे. पण अकोल्याचा बिबट्या त्यात कुठे बसवणार? तो जंगली आहे, पण जंगलात राहत नाही. उसात त्याची पिल्लं जन्मतात. 'तू आमच्या हद्दीत शिरलास' असं त्याला म्हणताच येत नाही, कारण ही हद्द आपण आखली आणि ती फक्त आपल्यालाच दिसते. त्याला उचलून दुसरीकडे सोडावं, हेही करून झालं आहे. जुन्नर भागात पकडलेले बिबटे जंगलात नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७वर गेले, असं अत्रेय यांच्याच अभ्यासात दिसलं.

इथे आणखी एक बाजू आहे. सगळं नुकसान कुत्र्याचंच होतं असं नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपर या रोगाने गेले. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांशी त्या साथीचा संबंध जोडला गेला. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यातही हाच विषाणू सापडला. उलट दिशेने, पिसाळलेला कोल्हा कुत्र्याला चावला तर रेबीज थेट घरात येतो. म्हणजे कुत्र्याला लस टोचणं हे कुत्र्याचं, घरच्यांचं आणि रानाचं, तिघांचंही देणं आहे.

*श्रोत्यांमधून प्रश्न: सर, आमची वस्ती मळ्यात आहे. घर दोन खोल्यांचं. कुत्रा बाहेर नसेल तर बिबट्या आल्याचं आम्हाला कळणार कसं?*

फार योग्य प्रश्न आहे. शहरात फ्लॅटमध्ये बसून तुम्हाला उपदेश करणं सोपं असतं. पण बघा, राखणदाराचं काम ओरडून जागं करणं एवढंच आहे. ते काम कुत्रा बंद गोठ्यातूनही करतो, कारण तो नाकाने आणि कानाने राखण करतो. तेव्हा शेळ्यांसाठी जाळी लावताना त्याच दाराआड कुत्र्यालाही घ्या. अंधार पडल्यावर बाहेर साखळीला तर मुळीच बांधू नका. कोंबडीची आतडी, शिळंपाकं घराजवळ टाकू नका. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या. रात्री भुंकणं ऐकू आलं तर दिवा लावा, आतूनच आवाज करा, आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. कुत्र्याला सोडवायला अंधारात धावू नका. दिवसा परसात नाग किंवा घोणस निघाली आणि कुत्रा अंगावर जायला लागला, तर आधी हाक मारून कुत्र्याला आत घ्या, मग सर्पमित्राला बोलवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आणि जाळीचा खर्च एकट्या मळेवाल्यानेच का करावा, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तोही रास्त आहे. उसाची साखर आम्ही शहरवाले खातो, बिबट्या वाचला पाहिजे असंही आम्हीच म्हणतो. मग रात्रीची भीती तेवढी तुमच्या वाट्याला, हा न्याय नव्हे. कुत्र्याला लागू केलेलं तत्त्व माणसालाही लागू आहे. ज्याला आपण हद्दीवर उभं केलं, त्याचं आपण देणं लागतो.

आज इथेच थांबू.